उरलेलं ज्याचं त्याला

सोमवार, ४ मार्च

ही डायरी मशीनवाल्या मॅडमनी दिली. म्हणाल्या, "तुझं डोकं म्हणजे चाळणी आहे. दिवसभर जे शिकतोस ते संध्याकाळी चार ओळी लिहून काढ." माझी शाळा सातवीत सुटली, म्हणजे मीच ती सोडली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लिहायला काय, बोलतो तसं लिहायचं.

तर मी हृदयाच्या ऑपरेशनच्या खोलीत मदतनीस आहे. याआधी गोदाम झालं, गॅरेज झालं, बेकरी झाली. कुठे सहा महिन्यांच्या वर मन रमलं नाही. हे काम मात्र भारी आहे. हृदय उघडून शिवायचं तर ते थांबवावं लागतं. ते थांबलेलं असताना त्याचं आणि फुप्फुसांचं काम एक मशीन करतं. चाकांवरचं कपाट म्हणा ना. त्यावर गरागरा फिरणाऱ्या चकत्या, एक पारदर्शक टाकी आणि बोटाएवढ्या जाड नळ्या. ते मॅडम चालवतात. मोठे सर्जन त्यांना पंपच म्हणतात. "पंप, चालू करा." जसं काही बाईंचं बारशातलं नावच पंप.

ऑपरेशन झालं की मशीनमधलं रक्त परत माणसात जातं. पण सगळं जात नाही. टाकीच्या तळाला, नळ्यांमध्ये बरंच राहतं. मॅडम मागून सलाईन ढकलून ते पिशवीत उतरवतात. ती पिशवी ज्याची त्यालाच चढवायची. पिशवी आयसीयूत पोचवणं हे माझं काम. सगळे मला पिशवीवाला म्हणतात.

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच की."

ताई शिवणकाम करते. कापडाला कात्री लावायच्या आधी गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचणार, म्हणजे टाचणारच. मग बोटभर पट्टी उरली तरी ती त्या माणसाच्या पुडक्यात परत. लोक हसतात, "या चिंध्यांचं आम्ही काय करू?" ताई म्हणते, "तुमच्या आहेत, तुम्ही ठरवा."

बुधवार, ६ मार्च

ताईने शिलाई मशीनला मोटर बसवली! जन्मभर पायडल मारलं आणि आता मोटर. मी म्हटलं, "लाड वाढलेत तुझे." म्हणाली, "पाय भरून येतात रे हल्ली."

मी म्हटलं, "म्हातारी झालीस." तिने माझं ऐकून घेतलं आणि उलट काही बोलली नाही. हे नवीनच. एरवी माझ्या एका वाक्याला तिची तीन असतात.

आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिनेच वाढवलं. त्या पायडलच्या खटखटीत मी मशीनच्या खाली झोपायचो. त्यामुळेच की काय, बसलो की माझा पाय हलत राहतो. ताई म्हणायची, "भिंगरी, तुझ्या पायाला मशीन जोडलं तर गावभराचे कपडे शिवून होतील." मोटर घेतल्यावर तिला घरात करमत कसं असेल कोण जाणे. आवाज नाही, काही नाही.

शनिवार, ९ मार्च

आज ताईने स्वतःहून फोन केला. तिला माझ्या कामात फार रस आलाय. मलाही बरं वाटतं, आपलं काम घरच्यांना कळतंय.

"हृदय थांबवतात तेव्हा दुखतं का रे?"

"झोपवलेलं असतं गं. काही कळत नाही."

"आणि परत चालू नाही झालं तर?"

"होतं. मी रोज बघतो. आधी नुसतं थरथरतं, मग एकदम ठेका धरतं. मोठे सर त्याच्याकडे असे बघतात, जसं उशिरा आलेल्या कामगाराकडे."

ती हसली. हसताना खोकला आला, बराच वेळ. मागून भावजींचा आवाज, "पुरे आता. आधी दम खा." भावजी आधीपासून असेच, फोनवर जास्त बोललेलं त्यांना खपत नाही. बोलता बोलता कळलं की ताईने बिछाना खालच्या खोलीत आणलाय आणि पाठीला तीन उशा लावून जवळजवळ बसूनच झोपते. मी म्हटलं, "राणीसारखी?" म्हणाली, "हो, राणीसारखी."

खोलीतला माझा जोडीदार रंगारी आहे. तो वरच्या बिछान्यावरून सगळं ऐकत असतो. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "तुझ्या ताईला बरं नाही का?"

मी म्हटलं, "तिला काय धाड भरलीय! लहानपणी सांधे धरून ताप यायचा तेवढाच. बाकी घोड्यासारखी आहे."

रंगारी म्हणाला, "घोडं बसून झोपत नाही." या माणसाला काहीही बोलायची खोड आहे.

शुक्रवार, १५ मार्च

आज मॅडमनी मशीनचं एक हँडल दाखवलं. वीज गेली, बॅटरीही संपली, तर हे हँडल चकतीत बसवायचं आणि हाताने फिरवायचं. एका तालात, न थांबता. मी म्हटलं, "मॅडम, मला द्या, मी फिरवीन." म्हणाल्या, "तू? तू अर्ध्या वाटेत हँडल टाकून खिडकीत जाशील." सगळे हसले. मीही हसलो, पण थोडं लागलं.

ताईला हे सांगितलं तर तिला फारच आवडलं. "म्हणजे मोटर बंद पडली तर हात आहेच."

रंगाऱ्याच्या ओळखीने जहाजं रंगवायचं काम आलंय. दोरावर लटकून, खाली पाणी, वर आभाळ. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. ताईला म्हटलं, महिनाअखेर इथलं सोडतो. ती म्हणाली, "थोडे दिवस थांब. माझ्यासाठी थांब." झालं, सुरू तिचं पुराण. नोकरी टिकव, एका जागी बस. मी म्हटलं, "बघतो." ती म्हणाली, "बघतो नाही. थांबतो म्हण." म्हटलं. म्हणायला काय जातं?

मंगळवार, १९ मार्च

आज लिहायचं नव्हतं.

दोन्ही खोल्यांत ऑपरेशनं होती. एक नंबरमध्ये आमच्या मॅडम, पेशंट एक बसड्रायव्हर. दोन नंबरमध्ये दुसरा पंपवाला, पेशंट शाळेतल्या एक बाई. दोन नंबरचा मदतनीस आला नव्हता म्हणून तिकडची पिशवीही माझ्याच गळ्यात. मॅडमनी रक्त उतरवलं, नळीला चिमटा लावला आणि म्हणाल्या, "आधी चिठ्ठी लाव, मग पिशवी काढ." तेवढ्यात सर्जननी त्यांना हाक मारली.

मी म्हटलं, चिठ्ठी काय, जाता जाता लावू. पिशवी सोडवली, बाहेरच्या ट्रॉलीवर डावीकडे ठेवली. चिठ्ठ्यांचा कागद खिशात. दोन नंबरमध्ये गेलो. त्या पंपवाल्यानेही घाईत पिशवी माझ्या हातात दिली आणि कागद वेगळा दिला. ती उजवीकडे ठेवली. मग त्याने मला पुन्हा आत बोलावलं, ऑक्सिजनचं एक नळकांडं हलवायला. बाहेर आलो, खिशातून कागद काढला, तर मॅडम समोर उभ्या.

"कुठली कुणाची?"

"डावीकडची ड्रायव्हरची. शंभर टक्के."

मॅडमनी मान डोलावली. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "लिफ्टमधून खाट काढायची होती, म्हणून मी ट्रॉली फिरवून भिंतीला लावली हो."

मग डावी कुठली? मी ट्रॉलीच्या त्या बाजूला गेलो, या बाजूला आलो. दोन पिशव्या, सारख्याच लाल, सारख्याच जड. हात लावला तर दोन्ही सारख्याच कोमट. मावशींना विचारलं, "पूर्ण फिरवली की अर्धी?" त्या म्हणाल्या, "आता ते काय ध्यानात ठेवायचं असतं का, बाबा?"

मी म्हटलं, "मॅडम, रक्ताचा गट तपासून घ्या."

"दोघांचा गट एकच निघाला तर? गट कळेल. माणूस कळेल का?"

त्यांनी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकल्या. मग स्वतः जाऊन दोन्ही सर्जनना सांगितलं. एका सर्जनचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. मॅडमचा नाही आला.

परत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "ड्रायव्हरला आता कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढतंय. त्याचं स्वतःचं होतं, ताजं होतं. जा, त्याच्या खाटेशी उभा राहा आणि बघ."

मी जाऊन उभा राहिलो. पाय हलत होता.

बुधवार, २० मार्च

ड्रायव्हर बरा आहे. शाळेतल्या बाईंना रक्त लागलंच नाही. मला काढलं नाही, पण आठवडाभर फक्त नळकांडी आणि फरशी. ठीक आहे. जहाजं आहेतच.

ताईला सगळं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलता येत नाही, आवाजावरून पकडते.

"तुझ्या मॅडमनी दोन्ही टाकून दिल्या? आणि स्वतः जाऊन सांगितलं?"

"हो ना. कुणाला कळलंही नसतं."

"आणि त्या मावशी बोलल्या नसत्या तर तू चिठ्ठ्या लावल्या असत्यास."

"असत्या. मला खात्रीच होती."

"तुला खात्री होती," ताई म्हणाली. "हो. तुला नेहमीच असते." ती रागावली नव्हती. मग बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. खालच्या खोलीत जिना कुठला?

"ऑपरेशननंतर माणसाला तिकडे किती दिवस ठेवतात रे?"

"कुणाला?"

"कुणालाही."

मी म्हटलं आठ-दहा दिवस. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. माझ्या चुकीबद्दल आणखी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, २७ मार्च

ताई आणि भावजी येतायत! दोन तारखेला. मी इतके दिवस बोलावत होतो, पण शिलाईचं काम सोडून ती हलायची नाही. आता म्हणते, "बघू तरी तू कुठे राहतोस." रंगाऱ्याने आठवडाभर त्याच्या मित्राकडे जायचं कबूल केलंय. नवी चादर आणली. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईला म्हटलं, वरून अख्खा रस्ता दिसतो. ती म्हणाली, "आम्ही दवाखान्याजवळ खोली घेतलीय, तू धडपडू नकोस." पैसे उधळायची भावजींना भारी हौस.

मॅडमनी आज परत पिशवी हातात दिली. मी आधी चिठ्ठी लावली, दाबून दाबून लावली, पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून पाहिली आणि मगच नळी सोडवली. मॅडम बघत होत्या.

"काय रे, एवढा शहाणा कधी झालास?"

मी म्हटलं, "आमच्या घरचीच पद्धत आहे ही. कात्री लावायच्या आधी चिठ्ठी."

"मग त्या दिवशी कुठे गेली होती घरची पद्धत?"

मी पिशवी उचलली आणि आयसीयूकडे निघालो.

मंगळवार, २ एप्रिल

मी आंधळा आहे.

गाडीतून आधी भावजी उतरले. मग त्यांनी ताईला कोपराला धरून उतरवलं. ती फलाटावर चार पावलं चालली आणि सामानावर बसली. ओठ जांभळट. पायांवर सूज, चपलेचा पट्टा आत रुतलेला. मला बघून हसली. मी रोज अशा माणसांच्या खाटा ढकलतो. दारातून खाट आत येताना मला कळतं, हा झडपेचा पेशंट, हा तुंबलेल्या रक्तवाहिन्यांचा. आणि मोटर, उशा, खालची खोली, खोकला, दम, हे सगळं तिने मला एकेक करून सांगितलं होतं आणि मी काय म्हणत होतो? राणीसारखी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं," भावजी म्हणाले. "लहानपणच्या त्या तापाने झडप खराब केलीय. डॉक्टर म्हणतात बदला. ही ऐकेल तर ना."

"मला का नाही सांगितलं?"

ताई म्हणाली, "तू सगळं सोडून पळत आला असतास. एक नोकरी सुटायला तुला निमित्तच हवं असतं."

मला रडू आलं, मग राग आला, मग मी सामान उचललं. तिला तिथल्या चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि ढकलत नेलं. खुर्ची ढकलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

रंगाऱ्याला सांगितलं, जहाजाचं नाही जमणार. तो म्हणाला, "घोडं बसलं का शेवटी?" मी त्याला उशी फेकून मारली.

सोमवार, ८ एप्रिल

सगळ्या तपासण्या झाल्या. उद्या ऑपरेशन, एक नंबरमध्ये. मी मॅडमना म्हटलं, "मी आत असणार. तिची पिशवी मीच नेणार. आता माझ्याकडून चूक होणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "नाही. उद्या तू आत नाहीस."

"का? विश्वास नाही?"

"विश्वास आहे. पण उद्या तू पिशवीवाला नाहीस, भाऊ आहेस. भावाने बाहेर बसायचं. हात थरथरला तर तुझी ताई मला विचारेल."

मी बराच वेळ भांडलो. मॅडम हातातली नळी पुसत राहिल्या.

संध्याकाळी ताईच्या खाटेशी बसलो. ती घाबरली असेल म्हणून मी तिला सगळं समजावत होतो. तिने मला थांबवलं.

"मी नाहीच म्हणत होते. वर्षभर. ह्यांना विचार."

भावजींनी मान हलवली. "हजार वेळा समजावलं. कुणाच्या हातात जीव द्यायचा, म्हणायची. कोण बघतंय तिथे."

"मग हो कधी म्हटलंस?"

"तुझ्या पिशव्या टाकून दिल्याचं सांगितलंस ना, त्या रात्री. तू किती शरमून सांगत होतास. मला वाटलं, खात्री नसेल तर जिथे उरलेलंही टाकून देतात, आणि तोंडावर सांगतात, तिथे आपण डोळे मिटायला हरकत नाही."

मला वाटत होतं, माझं नाक कापलं गेलं. आणि ही त्यावरच ठरवून बसली होती.

"फक्त एक," ताई म्हणाली. "त्या मावशींना सांग, उद्या ट्रॉली फिरवायची नाही."

मंगळवार, ९ एप्रिल

बाहेरच्या बाकावर मी आणि भावजी. आत काय चाललंय ते मला बाहेरून कळत होतं, हाच ताप. दार उघडलं की आवाजावरून ओळखायचो. आता मशीन चालू. आता हृदय थांबलं असेल. आता नळ्यांतून ताईचं रक्त फिरतंय आणि मॅडम बघतायत. भावजींना मी सांगत होतो, "आता सगळं पंपावर आहे." ते म्हणाले, "तू गप्प बस, नाहीतर मी तुला पंपावर लावीन." मग माझा हात धरून ठेवला.

एकदा मला वाटलं, फार वेळ झाला. नेहमी एवढा लागत नाही. कुणी बाहेर येईना. एकदा वाटलं, उठावं आणि चालत सुटावं, बंदरापर्यंत, जहाजापर्यंत. उठलोही. भावजींनी वर पाहिलं. मी पुन्हा बसलो.

मग मावशी दार ढकलत आल्या आणि मला म्हणाल्या, "ठेका धरला बाबा. मी आत पुसत होते, स्वतः पाहिलं."

थोड्या वेळाने मॅडम स्वतः पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्या कधी पिशवी नेत नाहीत. माझ्यासमोर थांबल्या आणि पिशवी वर धरली. चिठ्ठी सरळ, एकही सुरकुती नाही. ताईचं नाव. आयसीयूत सिस्टरनी पट्टा वाचला, मॅडमनी चिठ्ठी वाचली, मग अदलाबदल करून पुन्हा वाचली. मला काचेतून त्यांचे ओठ दिसत होते. मीही सोबत म्हणत होतो.

मग थेंब पडायला लागले. ताईचं ताईला.

गुरुवार, ११ एप्रिल

काल घशातली नळी काढली, पण बोलायला बंदी होती. आज सकाळी आत सोडलं. ताईचे ओठ गुलाबी झालेत. मी तिला इतकं गुलाबी कधी पाहिलंच नव्हतं, मला वाटायचं तिचा रंगच तसा.

तिने हळूच विचारलं, "उरलेलं दिलं का रे परत?"

"सगळं. एक थेंब ठेवला नाही."

"चिंध्यासुद्धा?"

"चिंध्यासुद्धा. आता तुझ्या आहेत, तू ठरव."

हसायला गेली तर टाके दुखले, म्हणून डोळ्यांनीच हसली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर ह्यांना ती मोटर काढायला सांगते. आवाज नाही तर झोप येत नाही."

मी म्हटलं, राहू दे मोटर, डॉक्टर म्हणतील तेव्हा बघू. खुर्ची ओढून बसलो आणि तिचा हात हातात घेतला. पट्ट्यावर नाव होतं, मी ते पुन्हा एकदा वाचलं. कसली घाई नव्हती. खिडकी मागेच होती, तिकडे बघायचंही सुचलं नाही.

थोड्या वेळाने ताईने डोळे उघडले आणि खाली बघितलं.

"भिंगरी, खाट हलतेय. पाय थांबव."

मी थांबवला.

तिने परत डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग तशीच म्हणाली, "नको, हलव."